मलेरियाचा पाचवा रकाना

आजचा भाग मलेरियावर आहे. म्हणजे आपल्या हिवतापावर. पण डास, पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणी वापरा, हे सगळं तुम्ही शाळेपासून ऐकत आलेला आहात, त्यामुळे ते आज नाही. आज गोष्ट आहे एका नोंदीची. दवाखान्याच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं एका रोगाची नोंद दुसऱ्याच नावाखाली होत राहिली. ती नोंद करणारी माणसं कामचुकार नव्हती. त्यांच्या हातात जे साधन होतं, त्या साधनाला जेवढं दिसत होतं तेवढं ते प्रामाणिकपणे लिहीत होते. तरी नाव चुकत होतं. आणि त्या चुकीच्या नावामुळे काही रोग्यांचा धोका कुणाच्या लक्षातच आला नाही.

जागा आहे बोर्निओ बेट. त्यातलं मलेशियाचं सारावाक राज्य, आणि त्यात राजांग नदीच्या वरच्या अंगाला असलेला कापित नावाचा विभाग. घनदाट जंगल, नदीकाठी इबान लोकांची लांबच लांब घरं, एकेका घरात अनेक कुटुंबं. ये-जा मुख्यतः नदीतून, होडीने. साल १९९९.

त्या वर्षी कापितमध्ये मलेरियाचे जे रुग्ण सापडले, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या नावापुढे लिहिलं होतं ‘प्लास्मोडियम मलेरिए’. आता इथे नावाचा घोटाळा होऊ देऊ नका. मलेरिया हा रोग. तो करणारे परजीवी अनेक, आणि त्यातल्या एका प्रजातीचं नाव मलेरिए. ही प्रजाती तशी संथ. रक्तात तिची संख्या फारशी वाढत नाही, ताप दर चौथ्या दिवशी येतो, आणि माणूस सहसा दगावत नाही. कापितच्या रुग्णांचं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. काहींच्या रक्तात परजीवी भरपूर दिसत होते. माणसं चांगलीच आजारी पडून इस्पितळात दाखल होत होती. आणि रुग्ण बहुतेक मोठ्या वयाचे.

सारावाक विद्यापीठातले बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांना हे खटकलं. त्या खटकण्यातून पुढे काय निघालं ते आपण बघणार आहोत. पण त्याआधी ही नावं आणि हे रकाने आले कुठून, ते बघायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

चार रकाने कसे तयार झाले

ताप मोजण्याची आपली जुनी पद्धत म्हणजे दिवस मोजणं. आयुर्वेदात विषमज्वराचे प्रकार सांगितलेत, त्यातली तीन नावं बघा: अन्येद्युष्क म्हणजे दिवसातून एकदा येणारा, तृतीयक म्हणजे एक दिवस सोडून येणारा, आणि चतुर्थक म्हणजे मधे दोन दिवस सोडून येणारा. गावाकडे अजूनही म्हातारी माणसं ‘एकांतरा’ म्हणतात, तो हाच तृतीयक. यातला पहिला प्रकार, रोजचा ताप, लक्षात ठेवा. तो या गोष्टीत परत येणार आहे.

१८८० साली अल्जीरियात, कॉन्स्टंटाईन शहरातल्या लष्करी इस्पितळात, अल्फॉन्स लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरने मलेरियाच्या रोग्याच्या रक्तात हलणारे जीव पाहिले. तोवर मलेरिया म्हणजे दलदलीतून उठणारी वाईट हवा असं मानलं जायचं. त्यामुळे लाव्हराँवर सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. भारतात ज्या थोड्या लोकांनी हे जीव स्वतः मायक्रोस्कोपखाली पडताळून पाहिले, त्यातला एक माणूस होता आपल्या मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवणारा हेन्री व्हँडाईक कार्टर. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं काढणारा कार्टर तो हाच.

१८८०च्याच दशकात इटलीत कॅमिलो गॉल्जीने दाखवलं, की तापाच्या दिवसांचं गणित परजीवीच्या वाढीशी जुळतं. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो, त्याचे तुकडे होतात, पेशी फुटते आणि तुकडे नव्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप चढतो. हे चक्र ४८ तासांचं असेल तर तृतीयक, ७२ तासांचं असेल तर चतुर्थक. म्हणजे आपल्या पूर्वजांनी मोजलेल्या दिवसांमागचं कारण मायक्रोस्कोपखाली सापडलं. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हा परजीवी पाहिला. हळूहळू निळा-जांभळा रंग देणारी रंगद्रव्यं आली, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून रंगवायची रीत बसली, आणि प्रजाती ओळखायच्या खुणा ठरल्या.

१९२२ साली जॉन स्टीफन्सने चौथ्या प्रजातीचं, ओव्हालेचं, वर्णन केलं आणि यादी पूर्ण झाल्यासारखी झाली. व्हायव्हॅक्स, फाल्सिपेरम, मलेरिए, ओव्हाले. माणसाला होणारा मलेरिया चार प्रकारचा. पुस्तकात चार, भिंतीवरच्या तक्त्यात चार, रजिस्टरात चार रकाने. पुढच्या ऐंशी वर्षांत डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या कित्येक पिढ्या हेच शिकून तयार झाल्या.

कलकत्त्याचं माकड

गंमत अशी, की पाचवा परजीवी या काळात अगदीच अज्ञात होता असं नाही. तो सापडला होता, आणि तोही आपल्याकडे, कलकत्त्यात.

१९३१-३२च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नेपियर आणि कॅम्पबेल काम करत होते. तिथल्या कामासाठी सिंगापूरहून लांब शेपटीची मकाक माकडं आणली जायची. त्यातल्या एकाच्या रक्तात त्यांना मलेरियाचा एक परजीवी दिसला. ज्या माकडाच्या अंगात तो मुळात होता, ते ठीकठाक होतं. पण त्याचं रक्त आपल्याकडच्या ऱ्हीसस माकडाला टोचलं, तर ते झपाट्याने आजारी पडलं.

याच संस्थेत रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी या परजीवीचा नीट अभ्यास केला आणि १९३२ साली दाखवून दिलं, की माकडाचं रक्त टोचून हा मलेरिया माणसालाही देता येतो. त्याच सुमारास सिंटन आणि मलिगन यांनी नोल्सच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं, प्लास्मोडियम नोलेसी. याचं रक्तातलं चक्र २४ तासांचं. म्हणजे ताप रोज. विषमज्वराच्या यादीतला आपला अन्येद्युष्क आठवा. ४८ आणि ७२ तासांचे परजीवी माणसांत सापडले होते; २४ तासांचा निघाला माकडातून.

पुढे त्याचा एक विचित्र उपयोगही झाला. पेनिसिलिनच्या आधी, मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसवर उपाय म्हणून रोग्याला मुद्दाम मलेरियाचा ताप आणायचे. या उपचाराबद्दल वॅग्नर-यॉरेगला १९२७ सालचं नोबेल मिळालं होतं. १९३०च्या दशकात यासाठी नोलेसीही वापरून पाहिला गेला. रुमानियात तो एका माणसाकडून दुसऱ्याला असा टोचत टोचत नेला, तेव्हा तो इतका जहाल झाला की शेवटी वापर थांबवावा लागला.

म्हणजे हा परजीवी माणसाच्या रक्तात जगतो, वाढतो, आणि जहालही होऊ शकतो, हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधी-मागे माहीत झालेलं होतं. फक्त एक समजूत होती. हे सगळं सुईने होतं. जंगलात डासामार्फत, आपणहून, माकडाचा मलेरिया माणसाला होत नसावा.

जंगलातून परतलेला माणूस

ही समजूत १९६५ साली एका माणसाने मोडली. पहांग या मलेशियाच्या मुख्य भूमीवरच्या राज्यात एक अमेरिकन सर्वेक्षक जंगलात काही आठवडे राहून अमेरिकेत परतला आणि तापाने पडला. त्याची काचपट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा निदान झालं फाल्सिपेरम. नंतर पुन्हा पाहिली तेव्हा झालं मलेरिए.

हे दोन्ही का झालं, ते समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. नोलेसी कोवळा असताना पेशीत बारीक अंगठीसारखा दिसतो, आणि फाल्सिपेरमही तसाच दिसतो. मोठा झाला की कधीकधी पेशीच्या आडव्या पट्ट्यासारखा पसरतो, आणि तो पट्टा ही तर पुस्तकात मलेरिएची ओळखीची खूण. म्हणजे वयाप्रमाणे हा दोन वेगवेगळ्या नातेवाइकांसारखा दिसतो. कितीही अनुभवी डोळा असला तरी इथे फसणारच.

या माणसाच्या बाबतीत योगायोग असा, की त्याचं रक्त एका संशोधन केंद्राकडे गेलं. तिथे ते अटलांटाच्या तुरुंगातल्या कैदी स्वयंसेवकांना आणि ऱ्हीसस माकडांना टोचलं गेलं. कैद्यांवर असे प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण त्या काळी ते चालायचे. माकडं मेली. मलेरिए ऱ्हीससला असा मारत नाही. मग उलगडलं की हा नोलेसी आहे. निसर्गात, डासामार्फत, माकडाचा मलेरिया माणसाला झाल्याचा हा पहिला सिद्ध झालेला रुग्ण.

साहजिकच पुढचा प्रश्न होता: तिथल्या गावकऱ्यांना हा होतो का? संशोधक पहांगला गेले. आसपासच्या गावांतल्या हजाराहून जास्त लोकांचं रक्त घेतलं आणि ऱ्हीसस माकडांना टोचून वाट पाहिली. एकाही माकडाला नोलेसी झाला नाही. निष्कर्ष निघाला की सर्वेक्षकाची घटना म्हणजे विरळा अपवाद. जंगलात गेलेल्या एका माणसाचं दुर्दैव.

आज मागे वळून पाहताना असं वाटतं, की प्रश्न बरोबर होता पण विचारला चुकीच्या लोकांना. गावात त्या दिवशी उभ्या असलेल्या, बऱ्या असलेल्या माणसांचं रक्त घेतलं तर त्यात सापडणार काय? हा रोग जंगलात जाणाऱ्याला होतो, आणि झाला की तो माणूस इस्पितळात असतो. इस्पितळातल्या काचपट्ट्यांवर तर ‘मलेरिए’ लिहून मोकळे झालेले. प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं, आणि तो पुढची तीस-पस्तीस वर्षं मिटलेलाच राहिला.

नाव विचारणारी चाचणी

आता नवीन साधन येतं. १९८३ साली अमेरिकेत कॅरी मलिसला पीसीआरची कल्पना सुचली. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी आरटी-पीसीआर हा शब्द इतका ऐकला, की तो आता घरचाच झालाय. पण आत नेमकं काय चालतं?

डीएनए म्हणजे पीळ घातलेली दुपदरी दोरी. ती तापवली की दोन्ही पदर सुटे होतात. मग थोडं गार केलं की ‘प्रायमर’ नावाचे डीएनएचे छोटे तुकडे, जे आपण मुद्दाम बनवून टाकलेले असतात, ते आपल्याशी जुळणारी जागा शोधून तिथे चिकटतात. जागा जुळली नाही तर चिकटत नाहीत. चिकटले, तर तिथून पुढे एक एन्झाइम दुसरा पदर विणून काढतं. एकाचे दोन झाले. परत तापवा, परत गार करा, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त नकला तयार होतात. मायक्रोस्कोपखाली शोधून सापडणार नाही इतका थोडा परजीवी रक्तात असला, तरी त्याची खूण इथे डोळ्यांना दिसेल इतकी मोठी होते.

१९९३ साली जॉर्ज स्नूनू आणि सहकाऱ्यांनी मलेरियासाठी याची दोन टप्प्यांची पद्धत बसवली. पहिल्या टप्प्यात विचारायचं: रक्तात मलेरियाचा कुठला तरी परजीवी आहे का? ‘हो’ आलं, तर दुसऱ्या टप्प्यात एकेका प्रजातीचे प्रायमर टाकून विचारायचं: व्हायव्हॅक्स आहेस का? फाल्सिपेरम? मलेरिए? ओव्हाले? यासाठी जे जनुक निवडलं, ते परजीवीच्या रायबोसोमशी संबंधित आहे. त्यात काही भाग सगळ्या प्रजातींत सारखे असतात आणि काही प्रत्येकीत वेगळे. म्हणून एकाच जनुकावर कुळही विचारता येतं आणि नावही.

आणखी एक सोय होती, आणि कापितसारख्या ठिकाणी ती फार मोलाची. बर्फाच्या पेटीत बाटल्या पाठवायची गरज नाही. बोटाला टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे, पाकिटात घालायचे. होडीने, टपालाने, कसेही गेले तरी कागदावरचा डीएनए टिकतो.

कापितचे ‘मलेरिए’ म्हणून नोंदलेले असे नमुने बलबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. पहिल्या टप्प्याने सांगितलं, हो, मलेरिया आहे. दुसऱ्या टप्प्यात चारही नावं विचारली. चारही वेळा उत्तर आलं, नाही.

या क्षणी दोन रस्ते होते. चाचणी बिघडली असं म्हणून नमुने बाजूला ठेवायचे, हा एक. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला विचार हाच येतो. दुसरा रस्ता म्हणजे चाचणीवर विश्वास ठेवायचा आणि यादीवर शंका घ्यायची. त्यांनी दुसरा घेतला. आठ नमुन्यांतल्या परजीवींच्या दोन जनुकांचा पूर्ण क्रम वाचून काढला आणि माहीत असलेल्या सगळ्या प्रजातींशी, माकडांच्या परजीवींशीसुद्धा, ताडून पाहिला. सगळे आठ नोलेसीशी जुळले. सत्तर वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या पिंजऱ्यातल्या माकडात सापडलेला तोच.

मग त्यांनी नोलेसीसाठी वेगळे प्रायमर बनवले. म्हणजे चाचणीला पाचवा प्रश्न शिकवला. मार्च २००० ते नोव्हेंबर २००२ या काळात कापित विभागातल्या मलेरियाच्या २०८ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १२० जणांत, म्हणजे ५८ टक्क्यांत, नोलेसी निघाला. आणि मलेरिए किती जणांत? एकाही नाही. पाचवा हिस्सा रुग्ण ज्या रकान्यात लिहिले जात होते, तो रकाना खरं तर रिकामा होता. २००४ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

ज्याला १९६५ नंतर विरळा अपवाद म्हटलं होतं, तो कापितमध्ये मलेरियाचं सगळ्यात मोठं कारण होता.

काचपट्ट्या परत बोलल्या

आता एक शंका साहजिक येते. हा रोग तिथे नव्याने आला असेल तर? जंगलतोड झाली, माणूस आत घुसला, माकडांपासून रोग आला, असंही असू शकतं. मग जुन्या नोंदी बरोबरच होत्या म्हणायचं.

याचं उत्तर द्यायला जुने रोगी कुठून आणणार? पण इस्पितळांकडे जुन्या काचपट्ट्या होत्या. १९९६ सालच्या, रंगवून ठेवलेल्या, ‘मलेरिए’ असं लिहिलेल्या. संशोधकांनी त्यांवरचं वाळलेलं रक्त खरवडून त्यातून डीएनए काढला. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. सारावाकच्या त्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यांवर नोलेसी होता. ज्या पट्टीवर डोळ्याला मलेरिए दिसला, त्याच पट्टीवर डीएनएने दुसरं नाव सांगितलं. पुढे कापितच्या जंगलातली १०८ माकडं तपासली, तर त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त माकडांत नोलेसी मिळाला. परजीवींच्या जनुकांवरून असाही अंदाज निघाला, की हा परजीवी या भागातल्या माकडांमध्ये माणूस तिथे वस्तीला येण्याच्याही आधीपासून आहे.

म्हणजे रोग जुनाच होता. नवीन होतं ते नाव विचारायचं साधन.

आणि आता सगळ्यात जड भाग. २००८ साली याच गटाने सारावाकच्या वेगवेगळ्या इस्पितळांतले ९६० नमुने तपासून सांगितलं, की त्यात २६६ जणांत नोलेसी आहे. त्याच लेखात चार मृत्यूंची हकीकत होती. चौघांच्याही काचपट्टीवर निदान होतं मलेरिए. चौघांच्याही रक्तात प्रत्यक्षात होता एकटा नोलेसी. पोटदुखी, ताप, कावीळ, मूत्रपिंडं निकामी, आणि रक्तात परजीवींचा सुळसुळाट.

इथे २४ तासांचं महत्त्व कळतं. मलेरिएला एक पिढी वाढवायला तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात नोलेसीच्या तीन पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीला संख्या कित्येक पट. डॉक्टरने ‘मलेरिए’ वाचलं की त्याच्या डोक्यात येतं, सौम्य प्रकार, घाई नाही. नोलेसीच्या रोग्याकडे उद्यावर ढकलायला वेळ नसतो. औषध तर हाताशी होतं. कापितच्या रुग्णांना साध्या क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विननेच गुण आला होता. फक्त ते वेळेवर, आणि रोगी किती गंभीर आहे हे ओळखून द्यायला हवं. म्हणून आता आग्नेय आशियात नियम असा, की काचपट्टीवर ‘मलेरिए’ दिसला आणि परजीवी खूप असले, तर त्याला नोलेसी समजूनच वागायचं. पीसीआरचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही. एका छोट्या प्रयोगशाळेतल्या संशयाचं हे सगळ्यात उपयोगी फळ.

पीसीआरही यादीच वाचतं

आता इथवर ऐकून कुणाला वाटेल, मायक्रोस्कोप जुना, पीसीआर आलं, प्रश्न सुटला. तसं नाही.

ओव्हालेचंच बघा. काही रोग्यांच्या काचपट्टीवर ओव्हाले स्पष्ट दिसायचा, पण पीसीआर म्हणायचं, नाही. म्हणजे कापितच्या बरोबर उलटं. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्या परजीवीत प्रायमर चिकटायच्या जागेवर अक्षरं थोडी वेगळी होती, म्हणून प्रायमर चिकटतच नव्हता. आधी त्याला ‘वेगळा वाण’ म्हटलं. पण आफ्रिका आणि आशियातले नमुने बारकाईने पाहिल्यावर २०१० साली सदरलँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे वाण नाहीत, दोन स्वतंत्र प्रजाती आहेत. एकाच भागात राहतात, तरी आपसात मिसळत नाहीत. १९२२ पासून जो एक रकाना होता, त्यात दोघं बसलेले.

उलटी चूकही झाली. नोलेसीसाठी बनवलेले सुरुवातीचे प्रायमर कधीकधी व्हायव्हॅक्सलाही चिकटतात असं दिसलं. म्हणजे नसलेला नोलेसी दिसायचा. ते बदलून नवे बनवावे लागले.

आणि काही परजीवी इतके सख्खे, की त्यांच्यातला फरक पकडायला नेहमीचे प्रायमर पुरत नाहीत. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोजवळच्या जंगलात २०१५-१६ साली लोकांना मलेरिया झाला. सगळ्यांनी व्हायव्हॅक्स म्हटलं. परजीवीच्या मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला तेव्हा २०१७ साली जाहीर झालं, की हा तिथल्या माकडांचा सिमियम आहे. मलेशियातच २०१४ साली मकाकांचा आणखी एक परजीवी, सायनोमॉल्गी, एका माणसात सापडल्याची नोंद आली, आणि तोही व्हायव्हॅक्ससारखाच दिसतो.

मुद्दा साधा आहे. मायक्रोस्कोपवाला आपल्या तक्त्यात जे आहे तेच ओळखतो, आणि प्रायमर आपल्याला जे जुळतं तेच. कापितमध्ये फरक पडला, कारण दोन टप्प्यांतल्या उत्तरांत विसंगती आली, आणि ती विसंगती कुणीतरी गांभीर्याने घेतली. ‘मलेरिया आहे, पण यातला कुठलाच नाही’ असं उत्तर देऊ शकेल अशी त्या चाचणीची बांधणी होती. काचपट्टीच्या फॉर्मवर असं लिहायला जागाच नव्हती.

शून्य म्हणजे किती?

याचा आजच्या घडीला काय संबंध? मलेशियाने मलेरियावर खरोखर मोठं काम केलंय. २०१८ पासून तिथे माणसाच्या मूळ चार प्रकारांचा एकही स्थानिक रुग्ण नाही. आकडा शून्य. पण त्याच वर्षांत नोलेसीचे रुग्ण दरवर्षी हजारोंनी आहेत. मच्छरदाणी आणि घरातली फवारणी यांनी चार प्रकार हटले. नोलेसीचा डास मात्र मुख्यतः घराबाहेर, शेतात आणि जंगलात चावतो, आणि परजीवीचा साठा माकडांत आहे. त्यांना औषध कोण देणार? मग देश मलेरियामुक्त म्हणायचा की नाही? हा वाद मायक्रोस्कोपच्या काळात उद्भवलाच नसता. सगळं ‘मलेरिए’त गेलं असतं, आणि देशाला कधीच शून्यावर येता आलं नसतं, ते का, हेही कुणाला कळलं नसतं.

आपल्याकडचं सांगायचं, तर लांब शेपटीचा मकाक भारतात रानात राहतो तो निकोबार बेटांवर. २०१३ साली अंदमान-निकोबारमधल्या रुग्णांच्या रक्तात, दुसऱ्या प्रजातींच्या जोडीने, नोलेसीचा डीएनए सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्यामुळे घराच्या कौलांवर येणाऱ्या माकडांना घाबरायचं कारण नाही. विचार करायचा तो आपल्या रकान्यांचा. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताई जी झटपट चाचणीची पट्टी वापरतात, ती दोनच प्रश्न विचारते: फाल्सिपेरम आहे का, आणि व्हायव्हॅक्स आहे का. ते बरोबरच आहे, कारण आपल्याकडे बहुतांश मलेरिया याच दोघांचा, आणि ताप आलेल्या माणसाला त्याच दिवशी औषध मिळणं सगळ्यात महत्त्वाचं. आशाताईने पीसीआर करावं असं कुणी म्हणणार नाही. पण मलेरिया जसजसा कमी होत जाईल, तसतसे उरलेले थोडे रुग्ण जास्त महत्त्वाचे होतील. त्यातल्या निदान काहींचं रक्त गाळणकागदावर घेऊन प्रयोगशाळेत जायला हवं, आणि तिथे कुणीतरी पहिल्या टप्प्याचं आणि दुसऱ्या टप्प्याचं उत्तर शेजारी ठेवून बघायला हवं. ‘आमच्याकडे दुर्मीळ प्रकार नाहीत’ हे वाक्य त्यानंतरच बोलता येईल.

कलकत्त्यात १९३२ साली ज्याला नाव मिळालं, त्याला कापितच्या रजिस्टरात स्वतःचं नाव मिळायला सत्तर वर्षं लागली. आणि त्या मधल्या काळात कापितमधले किती ‘मलेरिए’ खरे नोलेसी होते, ते आता फक्त जिथे जुन्या काचपट्ट्या शिल्लक आहेत तिथेच कळू शकतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कुणी प्रयोगशाळेत किंवा हिवताप विभागात काम केलं असेल, काचपट्ट्या पाहिल्या असतील, तर तुमचे अनुभव जरूर कळवा. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.